बोलणं उशिरा फुटतंय, दोष मोबाईलचा का?

प्रश्न पिंपरी-चिंचवडमधल्या एका आईचा आहे. मुलगा २१ महिन्यांचा. ‘आई’, ‘बाबा’, ‘नाय’ आणि पाण्याला ‘मम’, एवढेच शब्द. पण मोबाईलवर ऐकून ए टू झेड, एक ते दहा आकडे आणि रंगांची इंग्रजी नावं धडाधड म्हणतो. वरचं अन्न सुरू झाल्यापासून जेवताना मोबाईल लागतोच. दिवसभराचा हिशेब केला तर तीनेक तास होतात. सासूबाई म्हणतात, याचा बाबाही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. नणंदेने व्हॉट्सॲपवर ‘व्हर्च्युअल ऑटिझम’चा, म्हणजे मोबाईलमुळे ऑटिझम होतो असं सांगणारा, व्हिडिओ पाठवला आणि तेव्हापासून या आईची झोप उडाली आहे. तिने विचारलंय: हे मोबाईलमुळे झालं का? मेंदूवर कायमचा परिणाम झाला असेल का? मोबाईल एकदम बंद करू की हळूहळू? आणि डॉक्टरकडे आत्ता जाऊ की अजून थोडं थांबू?

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि गेली बरीच वर्षं फक्त मुलांच्या विकासाचंच काम करते. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या प्रश्नांना वेळ आहे, याला नाही.

थांबू नका. मोबाईल बंद करा, आणि त्याच आठवड्यात तपासणीची वेळही घ्या. ‘आधी तीन महिने मोबाईल बंद करून बघतो, मग येतो’ असं ठरवणारे पालक पुष्कळ भेटतात. मोबाईल बंद करणं योग्यच, पण त्या तीन महिन्यांत दुसरं काही कारण असेल तर ते तसंच राहतं.

सगळ्यात आधी ऐकण्याची तपासणी. मोबाईलचं गाणं लागलं की दुसऱ्या खोलीतून पळत येतो, म्हणजे कान ठणठणीत, असं धरून चालू नका. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहणं या वयात फार आढळतं. अशा मुलाला मोठा आवाज ऐकू येतो, पण ‘त’ आणि ‘प’मधला फरक निसटतो. जन्मल्यावर केलेली चाचणी बरोबर आली होती, हेही पुरेसं नाही. आत्ता कोणती चाचणी करायची, ओएई, बेरा की आणखी कुठली, ते ऑडिओलॉजिस्ट ठरवेल. भाषेच्या तक्रारीत ही पायरी वगळून कुणी थेट स्पीच थेरपी सुरू करत असेल, तर ‘आधी कान तपासूया का?’ असं तुम्हीच विचारा.

दुसरी गोष्ट, एम-चॅट नावाची, ऑटिझमची शक्यता चाचपणारी २० प्रश्नांची प्रश्नावली. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असते आणि तुमचे बालरोगतज्ज्ञ ती तुमच्याकडून भरून घेऊ शकतात. त्यातून निदान होत नाही, पुढची तपासणी लागेल का ते कळतं.

आता मी स्वतः अशा मुलात काय बघते ते सांगते. शब्द किती आहेत, हा माझा पहिला प्रश्न नसतोच. माझ्या टेबलावर एक पारदर्शक डबा असतो, झाकण घट्ट लावलेला, आत चावीची छोटी गाडी. मूल डबा घेतं, हलवतं, आत गाडी आहे हे त्याला दिसतं. उघडता येत नाही. आता पुढे काय? एक मूल डबा आईपुढे धरतं, तिच्या तोंडाकडे बघतं, परत डब्याकडे बघतं, ‘अं अं’ करतं. तोंडातून शब्द एकही नाही, पण संवाद पुरा झालेला आहे. दुसरं मूल आईचा पंजा पकडून डब्यावर नेऊन ठेवतं, तिच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. तिसरं डबा खाली टाकतं आणि खिडकीकडे निघून जातं. पहिल्या मुलाची मला काळजी कमी वाटते, मग त्याचे शब्द चार असोत की चौदा. दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी मी नीट वेळ काढते.

घरी तुम्ही हे बघू शकता. त्याला काही हवं असेल तेव्हा तो बोट दाखवतो का? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही नको असतानाही, केवळ तुम्हाला दाखवावं म्हणून, बोट दाखवतो का? आकाशात विमान गेलं, खाली कुत्रा दिसला, तर आधी बोट आणि मग तुमच्याकडे वळून ‘बघितलंस का?’ अशी नजर? ‘चप्पल आण’ म्हटलं, हाताने खुणावलं नाही, तरी आणतो का? नाव घेतल्यावर वळतो का? खोटं खोटं चहा पिणं, बाहुलीला जोजवणं असलं काही सुरू झालंय का? यांची उत्तरं होकारार्थी असतील तर तुमची अर्धी झोप आजच परत यायला हरकत नाही.

काही गोष्टींत मात्र सवलत नाही. वर्षाचं होऊनही बडबड नाही आणि टाटा-बायसारखे हातवारे नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी स्वतःची दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा कुठल्याही वयात आलेलं बोलणं, आलेली नजर परत गेली, तर वाट बघायची नाही. तुमचा मुलगा दोन वर्षांच्या उंबरठ्यावर आहे, म्हणून घाई करा म्हणते.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. घरात उशिरा बोलण्याचा इतिहास असणं ही खरी, उपयोगी माहिती आहे आणि मी ती केसपेपरवर लिहूनच घेते. उशिरा बोलणारी बरीचशी मुलं पुढे बरोबरीला येतात, हेही खरं. अडचण एवढीच की कुठलं मूल आपोआप येणार आणि कुठलं नाही, हे आधी सांगता येत नाही. शिवाय बाबा लहान असताना घरात चार माणसं दिवसभर बोलत होती. तुमच्या फ्लॅटमध्ये दुपारी दोनच माणसं असतात आणि त्यातलं एक वीसेक महिन्यांचं आहे.

ए टू झेडचं काय? हे ऐकायला कडू वाटेल, पण ते बोलणं नव्हे, पाठांतर आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत ‘ऑक्टॅगॉन’ स्पष्ट म्हणणारी आणि तहान लागल्यावर फ्रिजसमोर उभं राहून नुसतं रडणारी मुलं असतात. पालक कौतुकाने व्हिडिओ दाखवतात, आणि त्यांना ते सांगताना मलाच अवघड होतं. परीक्षा सोपी आहे: हा शब्द वापरून त्याने कधी कुणाकडून काही मिळवलं का, कुणाला काही सांगितलं का? तुमच्या मुलाचा ‘मम’ या परीक्षेत पास होतो. ‘पर्पल’ होत नाही. मला विचाराल तर एक ‘मम’ त्या सगळ्या सव्वीस अक्षरांहून मोलाचा आहे.

आता तो ‘व्हर्च्युअल ऑटिझम’. २०१८च्या सुमारास रोमानियातल्या एका मानसशास्त्रज्ञाच्या लेखनातून हा शब्द पसरला. निदानाच्या कुठल्याही मान्य पुस्तकात असा आजार नाही. ऑटिझम, आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो, ती मेंदूच्या घडणीतली वेगळी वाट आहे. तिची सुरुवात जन्माआधीच होते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मोबाईलने ऑटिझम होत नाही. होतं असं की, खूप स्क्रीन बघणारं आणि माणसांशी कमी खेळलेलं मूल काही बाबतींत तसं दिसू शकतं: हाक मारली तर वळत नाही, नजर देत नाही, एकटंच रमतं. मोबाईल काढून माणसं दिली की यातली काही मुलं झपाट्याने बदलतात, आणि मग ‘ऑटिझम बरा झाला’ असे व्हिडिओ निघतात. उलटंही घडतं. मूल मुळातच स्वमग्न असतं, त्याला माणसांपेक्षा फिरणारी, ठरावीक, पुन्हा पुन्हा तीच येणारी चित्रं आवडतात, म्हणून ते मोबाईलला चिकटतं, आणि घरचे म्हणतात मोबाईलमुळेच असं झालं. यात आईच्या डोक्यावर जो दोष बसतो, तो पूर्ण खोटा असतो. दोन्ही प्रकारांतलं कुठलं, ते बघूनच ठरतं. व्हॉट्सॲपवर ठरत नाही.

मग मोबाईल निर्दोष का? नाही. पण त्याचा दोष लोक समजतात तिथे नाही. किरणं, निळा प्रकाश, ‘मेंदू वितळतो’ वगैरे भाषा सोडून द्या. माझं सगळं म्हणणं एका जागी येतं: मोबाईल मुलाला जे दाखवतो त्यापेक्षा त्या वेळेत जे घडायचं राहून जातं, ते नुकसान मोठं.

वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कुल यांचा २००३चा प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली आणि त्यांना मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, १२ सत्रांत ऐकवली. एका गटासमोर चिनी बोलणारं माणूस खाली बसून खेळणी दाखवत, पुस्तक वाचत बोललं. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. तिसऱ्याला नुसता आवाज. प्रत्यक्ष माणसासोबत खेळलेली बाळं मँडरिनमधले आवाज तैवानमधल्या बाळांइतकेच ओळखू लागली. बाकी दोन गट जिथे होते तिथेच. भाषा तीच, माणूस तोच, वेळ तेवढाच. फरक एवढाच की टीव्हीतलं माणूस बाळ कुठे बघतंय ते बघत नाही.

बाळाने ‘बा’ केलं की आपण ‘बा? बाबा गेला ऑफिसला!’ म्हणतो. मग ते हसतं, मग आपण पुन्हा काही म्हणतो. ही जी फेरी आहे, तिच्यावर भाषा उभी राहते. तुमच्या मुलासमोरचा व्हिडिओ कितीही ‘एज्युकेशनल’ असो, तो आपलं वाक्य संपवून पुढे जातो. मूल काही बोललं की नाही, याच्याशी त्याला घेणं-देणं नसतं. ‘कॅन यू से ॲपल?’ विचारून दोन सेकंद थांबतो आणि मूल गप्प असलं तरी ‘ग्रेट जॉब!’ म्हणतो.

ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांतल्या मुलांच्या अंगावर दिवसभर बोलणं मोजणारं छोटं यंत्र लावून, वर्षापासून तीन वर्षांपर्यंत नोंदी घेतल्या. २०२४ साली त्याचे निष्कर्ष आले. तीन वर्षांच्या वयात स्क्रीनच्या दर एका जादा मिनिटामागे मोठ्यांचे सुमारे ७ शब्द कमी, मुलाचे ५ उच्चार कमी आणि संवादाची एक फेरी कमी. जपानच्या मियागी आणि इवाते प्रांतांत ७,०९७ मुलांचा अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. वर्षाच्या वयात जितका स्क्रीन जास्त, तितकी दोन आणि चार वर्षांच्या वयात संवादात आणि अडचण सोडवण्यात मागे पडण्याची शक्यता जास्त, आणि दिवसाला चार तास व त्याहून अधिक बघणाऱ्यांत ती ठळक.

हे आकडे वाचून लगेच घाबरू नका. असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ज्या घरात आई एकटी, दमलेली, मदतीला कुणी नाही, तिथे मोबाईलही जास्त आणि बोलणंही कमी असणार. जे मूल आधीपासूनच किरकिरं किंवा बोलण्यात मागे, त्याच्या हाती मोबाईलही लवकर जातो. सगळेच निष्कर्ष वाईटही नाहीत. ब्रिटनमधल्या एका २०१६च्या अभ्यासात, टचस्क्रीन लवकर सरकवू लागलेली मुलं ठोकळे रचण्यासारखी बारीक हातकामं थोडी लवकर करताना आढळली. भाषेवर मात्र त्याचा चांगला-वाईट काहीच परिणाम दिसला नाही. मेंदूच्या फोटोचं म्हणाल, तर २०२० साली सिनसिनाटीत ४७ मुलांचे एमआरआय केले होते. जास्त स्क्रीनवाल्या मुलांत भाषेशी संबंधित मज्जातंतूंच्या जाळ्याची बांधणी जराशी कमी पक्की दिसली. एकदाच काढलेले फोटो, तेही ४७ मुलांचे. फॉरवर्डमध्ये त्याचं ‘ब्रेन डॅमेज’ झालं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: कायमचं काही बिघडलंय असं मानायला आधार नाही. या वयातला मेंदू भराभर जोडण्या करत असतो आणि २१ महिने हे काही फार मोठं वय नाही.

आता थोडं अप्रिय. मुलाचा मोबाईल बंद करायला सगळे तयार असतात, आपला नाही. २०१७ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. आयांनी आपल्या दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवायचे. एक शब्द शिकवताना मध्येच आईचा फोन वाजवायचा, ती बोलून परत येऊन शिकवणं पूर्ण करणार. दुसरा विनाव्यत्यय. दोन्ही शब्द सारख्याच वेळा उच्चारले गेले होते. मुलं विनाव्यत्यय शिकवलेला शब्द शिकली, फोन आलेला शिकली नाहीत. आपल्याकडे तर फोन वाजावाही लागत नाही. पाळणाघरातून मुलाला घेतल्यावर गेटपासून लिफ्टपर्यंत किती पालक एका हाताने मुलाचं बोट आणि दुसऱ्या हाताने स्क्रीन धरून असतात, ते तुमच्या सोसायटीत उभं राहून बघा. नेमकं त्याच वाटेवर मुलाला सांगायचं असतं की आज वाळूत खेळलो.

आता जेवण. तीन तासांपैकी दीड-दोन तास मोबाईल जेवणाच्या पाटावरच जात असणार, कारण मोबाईल लावून भरवलेलं जेवण तासभर चालतं. काय होतं ते जवळून बघा. डोळे स्क्रीनवर. चमचा ओठाला लागला की तोंड उघडतं, चमच्याकडे न बघता. भातात मेतकूट आहे की दही, हे कळत नाही. घास गालात धरून ठेवला जातो. कार्टून संपून जाहिरात आली की मग गिळला जातो, किंवा आई ‘गिळ, गिळ’ म्हणत घशावरून बोट फिरवते. पोट भरल्याचं मुलाला कळत नाही, भूक लागल्याचंही नाही. वाटी रिकामी झाली एवढ्यावर घर खूश. बोलायचा, चव घ्यायचा, बोटांनी चिवडायचा आणि मोठ्यांच्या तोंडाकडे बघायचा दिवसातला हक्काचा वेळ निघून जातो, तोही तीनदा.

म्हणून बंद करायला सुरुवात जेवणापासून. आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: या वयात हळूहळू नाही, एकदम. २१ महिन्यांच्या मुलाला ‘फक्त दहा मिनिटं’ कळत नाही. त्याला कळतं की मोबाईल कधी मिळतो, कधी नाही, आणि रडलं की बहुधा मिळतो. सवय तोडताना रडणं आधी वाढतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि मग ओसरतं. तिसऱ्या दिवशी आजोबांना दया येऊन त्यांनी मोबाईल दिला, तर मूल एवढंच शिकतं की एवढं रडलं की मिळतो. पुढच्या वेळी तिथपासून सुरुवात करतं. त्यामुळे दिवस ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, कामाच्या मावशींनासुद्धा. लग्नकार्य, प्रवास, आजारपण असलेला आठवडा निवडू नका.

पहिले काही दिवस तो जेवणार नाही. कमी जेवेल, ताट ढकलेल. निरोगी मूल स्वतःहून उपाशी राहत नाही, पण इथे एक मेख आहे: दूध. जेवला नाही म्हणून बाटलीभर दूध दिलं की भूक कधी लागणारच नाही. दिवसाला ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त दूध नको, आणि शक्य तर बाटली जाऊन पेला यावा. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये बिस्किट-चिप्स काही नाही. सगळ्यांसोबत बसवा, त्याच्यापुढे थोडंसंच वाढा, हाताने खाऊ द्या. सांडेल. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट उचला, चेहऱ्यावर राग न आणता. वजन मुळातच कमी असेल तर मात्र हे बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करा. त्यांना हिमोग्लोबिनही बघायला सांगा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली होती. भरपूर दूध आणि अर्धवट जेवण हा त्याला सरळ आमंत्रण देणारा आहार आहे. लोह कमी असलेलं मूल मलूल, चिडचिडं असतं, आणि त्याचा विकासावरही परिणाम होतो. सगळं खापर मोबाईलवर फोडताना हे हमखास राहून जातं.

रडणं शांत करायला मोबाईल देण्याबद्दल एक गोष्ट. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये पाहिलं की, शांत करायला वारंवार मोबाईल-टॅब देणाऱ्या घरांत मुलांचा भावनांचा उद्रेक काही महिन्यांनी वाढलेला होता, मुलग्यांमध्ये आणि मुळात तापट असलेल्या मुलांमध्ये जास्त. कारण उघड आहे. राग येणं, तो अंगात भरणं आणि कुणाच्या तरी खांद्यावर हळूहळू उतरणं, हा अनुभव मुलाला पुन्हा पुन्हा मिळावा लागतो. मोबाईल राग उतरवत नाही, लक्ष पळवतो.

‘मग त्याला दिवसभर करायला काय देऊ?’ हा पुढचा प्रश्न असणारच. महागडी लाकडी खेळणी, फ्लॅशकार्ड, माँटेसरीच्या नावाने विकलं जाणारं काहीही आणायला मी सांगणार नाही. स्वयंपाकघरात खाली बसवा. दोन डबे, एक झाकण, मूठभर राजमा (लक्ष ठेवून, घशात जाऊ शकतो), एक पळी. तुम्ही पोळ्या लाटताय तर जे करताय ते बोला: ‘गोळा केला. आता लाटते. अरे, फुगली! पोळी फुगली.’ छोटी वाक्यं, तोच शब्द दोनदा, आणि मग थांबा. थांबणं हेच अवघड असतं. मनात पाचपर्यंत मोजा. त्याने काही आवाज केला, नुसतं बोट केलं तरी ते बोलणं समजून उत्तर द्या. ‘म्हण पोळी, म्हण ना, पोळी’ असा ससेमिरा लावू नका. त्याला एक लाटी द्या आणि कामाला लावा. आपडी-थापडीसारखे मांडीवरचे जुने खेळ याच कामाचे आहेत. त्यांत नजर, स्पर्श, आपली पाळी, त्याची पाळी, सगळं येतं.

आणि हे सगळं मराठीतून करा. ‘त्याला इंग्रजी शब्द येतात, तर आता घरी इंग्रजीच बोलू का?’ असं विचारणारे खूप. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं मागे पडत नाही. पण जी भाषा तुम्हाला रागवायला, लाड करायला, उगाच बडबडायला येते, तीच त्याला भरपूर मिळू द्या. सासूबाईंना या कामात पुढे करा. दिवसभर घरात बोलणारं माणूस हे तुमच्याकडचं सर्वांत मोठं औषध आहे, आणि ‘मोबाईल देऊ नका’ असं सांगण्यापेक्षा ‘तुम्ही त्याला रोज गोष्ट सांगा’ असं सांगितलं तर त्या मनापासून तुमच्या बाजूने येतील. फक्त घरातला टीव्ही कुणी बघत नसताना चालू ठेवू नका. मागे मालिका सुरू असली की मोठी माणसंही मुलाशी कमी बोलतात.

व्हिडिओ कॉल चालतो. २०१४ साली दोन ते अडीच वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात, व्हिडिओ कॉलवरच्या माणसाकडून मुलं नवी क्रियापदं शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतून शिकली नाहीत. कॉलवरचं माणूस मुलाला उत्तर देतं, एवढाच फरक. म्हणून दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि साताऱ्याच्या आजीशी रोज बोलणाऱ्या नातवंडांना मी कधीच अडवत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनेही दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन अजिबात नको म्हणताना नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलचा अपवाद ठेवला आहे. दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, तोही मोठ्यांसोबत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ची मर्यादाही जवळपास हीच. तुमचा मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर तुम्ही शेजारी बसून, बोलत, एखादा संथ व्हिडिओ दाखवलात तर आकाश कोसळणार नाही. आपोआप पुढचा व्हिडिओ लावणारी सोय तेवढी बंद ठेवा.

झोप आणि डोळ्यांचं थोडक्यात. या वयात दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास झोप लागते. झोपण्याआधी तासभर घरात कुठलीच स्क्रीन नको. डोळ्यांसाठी रोज बाहेर जा. चीनमधल्या ग्वांगझूत शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, तर तीन वर्षांत लांबचा नंबर (मायोपिया) लागणाऱ्यांचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. घराखाली नेलंत तरी चालेल, बागच हवी असं नाही.

तुम्ही नोकरी करता, रात्री आठला घरी येता, त्यात हे सगळं कसं जमवायचं, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींमध्ये दिसतंय. दिवसभराची अपेक्षा माझीही नाही. एक जेवण, अंघोळ आणि झोपण्याआधीचा अर्धा तास, या तीन वेळा तुमचा मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असू द्या. आणि मुलाच्या बाबांनाही यातली एक वेळ वाटून द्या. लिहिताना तुम्ही सासूबाई, नणंद, स्वतः, सगळ्यांचा उल्लेख केलात, बाबांचा फक्त ‘उशिरा बोलला’ एवढ्यापुरता.

कुठे जायचं? डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचं काम करणारे बालरोगतज्ज्ञ, जवळ असतील तर उत्तम. नसतील किंवा खर्च झेपत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. तिथे ऐकण्याची, बोलण्याची आणि विकासाची तपासणी मोफत होते. अंगणवाडीत नाव असेल तर तिथे येणाऱ्या आरोग्य पथकाकडूनही चिठ्ठी मिळू शकते. जाताना लसीकरणाचं पुस्तक, जन्माच्या वेळची कागदपत्रं आणि तो खरोखर वापरतो त्या शब्दांची यादी न्या, ए टू झेड वगळून. आणि घरी तो स्वतःच्या मनाने खेळत असताना, कुणी काही करायला न सांगता, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून आणा. दवाखान्यात मुलं बुजतात, आणि त्या व्हिडिओतून मला तपासणीच्या खोलीत न दिसणारं पुष्कळ काही दिसतं. फक्त तो काढताना मोबाईल त्याच्या हाताला लागणार नाही असा उंच धरा.